बिनबंदुकीचं लायसन

वायरलेसच्या लायसनासाठी मी माझ्या थोरल्या साडूंना बोलावून घेतलं. चूक एवढीच. पुढं माझी नोकरी गेली, कंपनी गेली, नागपूरच्या क्वार्टरसाठी बायकोनं पसंत केलेलं पडद्याचं कापड दुकानातच राहिलं. पण त्या सगळ्या फांद्या. मूळ हे एकच, आणि ते मी माझ्या हातानं लावलं, पाणी घातलं, वर कुंपणही केलं.

देवावर श्रद्धा असलेली माणसं जगात पुष्कळ, पैशावर असलेली त्याहून पुष्कळ. पण लायसनावर श्रद्धा असलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि नेमकी त्याच्याच घरी माझ्या बायकोची थोरली बहीण दिलेली होती. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेला लागून त्यांचं घर. धानाची शेती, दोन बैल, एक सायकल, एक कुत्रं आणि भिंतभर लायसनं. इतरांच्या घरी ज्या भिंतीवर देवाच्या तसबिरी आणि गेलेल्या माणसांचे फोटो असतात, त्या भिंतीवर साडूंनी सायकलच्या बिल्ल्यापासून कुत्र्याच्या परवान्यापर्यंत सगळं काचेत बसवून टांगलं होतं. त्या काळी रेडिओ ऐकायलाही पोस्टात पैसे भरून लायसन काढावं लागे. साडूंचं रेडिओ-लायसनाचं पुस्तक गीतेसारखं लाल कापडात बांधलेलं असे. रेडिओ कधीचाच मेला होता. त्याच्या पोटात उंदरीण बाळंत झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण लायसन दर वर्षी पोस्टात जाऊन नवं व्हायचं. "भाऊजी, रेडिओ बंद आहे, मग हे कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर माझ्याकडं त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी देवळात चपला घालून गेलो. म्हणाले, "वस्तू मोडते गा, साडभाऊ. लायसन नाई मोडत."

रेडिओची तपासणी करणारा माणूस गावात आला की बाकीचं गाव आपापले रेडिओ धानाच्या ढोलीत लपवायचं. घाईत बटण बंद करायचं राहून जाई आणि धानाच्या राशीतून बाजारभाव ऐकू येत. साडू मात्र धुतलेला सदरा घालून, हातात पुस्तक घेऊन, हायवेवर त्या माणसाची वाट पाहत उभे. एका वर्षी तो माणूस फिरकलाच नाही. साडूंना चैन पडेना. शेवटी भंडाऱ्याला जाऊन त्यांनी तक्रार केली की आमच्याकडे तपासणी होत नाही, हे बरोबर नाही. मग तपासणी झाली, आणि अशी झाली की अर्धं गाव दंड भरून आलं. त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या दारावरून जाणारी माणसं रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जात.

बंदुकीची गोष्ट तर याहून पुढची. आजोबांची ठासणीची बंदूक वडिलांनी कधीतरी विकून टाकलेली. पण लायसन साडूंच्या नावावर चढलं आणि त्यांनी ते जिवापाड जपलं. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करा असा हुकूम निघे. साडू न चुकता ठाण्यात हजर. ठाणेदार विचारी, "बंदूक?" साडू म्हणत, "बंदूक नाई जी. लायसन जमा कराले आलो." ठाणेदार बदलत गेले, साडू बदलले नाहीत. शेवटी एकानं कंटाळून पावती दिली. तीही काचेत गेली.

असा हा माणूस. याला पाहून शहाणा माणूस दुरून नमस्कार करील. मी त्याला परदेशी कंपनीत नेला.

ही कंपनी आली होती जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहायला. बपेऱ्याच्या पुढं, मध्य प्रदेशच्या हद्दीला टेकलेल्या नदीकाठच्या एका लहान गावाबाहेर तिनं तंबू ठोकले होते. तिचा मुख्य ओल्सेन नावाचा उंच, लालबुंद, भलता सज्जन साहेब. मी तिथं कामचलाऊ बाबू. माझं इंग्रजी 'यस' आणि 'यस सर' यांच्या मधल्या जागेत मावत असे, पण आसपास तेवढंही कोणाचं नसल्यानं माझा भाव वधारलेला. साहेबाची माणसं जंगलात पसरलेली. एखाद्याला साप चावला तरी निरोप यायला संध्याकाळ होई. तुमसरहून ट्रंक कॉल लावला तर कॉल लागेपर्यंत रुग्ण बरा होऊन घरी जाई किंवा वर जाई. म्हणून कंपनीनं आपल्या देशातून वायरलेसचे संच मागवले होते. ते मुंबईच्या बंदरावर एका गोदामात येऊन पडले होते आणि लायसनाची वाट पाहत होते. साहेब मला म्हणाला, हे संच इथं सुरू झाले की तू कायमचा. पगार, क्वार्टर, नागपूर. मी त्याच दिवशी घरी पत्र टाकलं. बायकोनं दुसऱ्या दिवशी पडद्याचं कापड पाहिलं.

लायसनाची भानगड आता ऐका. संच देशात आणायचे तर आणण्याचा परवाना हवा. तो हवा तर संच बाळगण्याचा परवाना आधी दाखवा. बाळगण्याचा हवा तर चालवण्याचा दाखवा, कोणत्या लहरीवर काय बोलणार तेही सांगा. चालवण्याचा हवा तर खांब, कागदोपत्री 'मास्ट', कुठं उभा करणार ती जागा दिल्लीच्या अधिकाऱ्यानं पाहून पास करायला हवी. आणि अधिकारी म्हणणार, जागा काय पाहू, खांब दाखवा. खांब कुठं? मुंबईच्या गोदामात, संचांच्याच पेटीत. ज्यानं कोणी हे नियम रचले त्याला लहानपणी शेपटीमागं गोल गोल धावणारं कुत्रं फार आवडत असणार. शिवाय परदेशी कंपनीला हे लायसन स्वतःच्या नावावर मिळतच नव्हतं. इथं राहणारा जबाबदार भारतीय माणूस हवा, काही वावगं झालं तर सरकारनं धरायला. साहेबानं सगळ्यांकडे पाहिलं. मी छाती पुढं केली. सबंध जिल्ह्यात ज्याच्या नावावर वायरलेस आहे असा मी पहिला जावई ठरणार होतो. 'धरायला' हा शब्द मी ऐकला होता. पण तो मला मानाचा वाटला.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी साहेबाला सांगितलं, "माय ब्रदर-इन-लॉ, लायसन, ऑल नोइंग." साहेब म्हणाला, आण त्याला.

साडू पत्र्याची ट्रंक घेऊन आले. ट्रंकेत कपडे खाली, लायसनं वर. साहेबानं कागदावर एक गोल काढला, त्यावर सगळे परवाने मांडले आणि बोट फिरवत विचारलं, याची सुरुवात कुठून करायची? साडूंनी तो गोल बराच वेळ पाहिला. एखाद्या जाणत्यानं चांगलं धान तळहातावर घेऊन पाहावं तसा. मग म्हणाले, "सुरुवात नसते जी इथं. लग्नाच्या पंगतीत जागा दिसली का बसाचं." माझ्या तोंडून इंग्रजीत ते "मॅरेज, सर. सिट" एवढंच बाहेर पडलं. साहेबानं साडूंना खुर्ची दिली.

आणि काय सांगू, दोघांचं जमलं! साडूंनी विचारलं, तुमच्या देशात कुत्र्याचं लायसन असते का? साहेब म्हणाला, असतं. रेडिओचं? तेही असतं. मासे धराचं? तेही लागतं, म्हणाला. साडूंचे डोळे भरून आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुधारलेला मुलूख हाय गा. आपले लोक उगीच नावं ठेवतेत." त्यानंतर महिनोन्‌महिने साडू दिल्लीला अर्ज धाडत राहिले आणि दिल्ली ते परत धाडत राहिली. मी रडकुंडीला येई. ते शांत. "लायसन म्हन्जे सोयरीक असते, साडभाऊ. पोरीचा बाप पयल्यांदा नाईच म्हनते. दुसऱ्यांदा खोट काढते. तिसऱ्यांदा चहा पाजते. तू काहून घाबरून राहिला?" मी घाबरून राहिलो होतो कारण साहेबाच्या देशातून तारा यायला लागल्या होत्या की काम होत नसेल तर गुंडाळा. पडद्याचं कापड दुकानदारानं अजून बाजूला ठेवलं होतं, पण किती दिवस ठेवणार?

दिवाळीत साडू शहापूरला गेले. आणि नेमकी तेव्हाच दिल्लीची तार आली: अधिकारी जागा पाहायला येत आहे, खांब उभा असावा.

इथं माझी बुद्धी चालली. ती जेव्हा जेव्हा चालली आहे तेव्हा तेव्हा खड्ड्यातच गेली आहे, पण चालताना तिचा रुबाब पाहण्यासारखा असतो. मी म्हटलं, अधिकाऱ्याला उंच काहीतरी दिसलं म्हणजे झालं. गावातून लांब बांबू आणवले, एकाला एक बांधून घेतले, नियमात सांगितल्याप्रमाणे तांबडे-पांढरे पट्टे स्वतः रंगवले. उरलं वरचं टोक. अँटेनाच्या तारा पसरलेल्या असतात असं ऐकून होतो. त्या कशाच्या करायच्या? गावातल्या, गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांचा एक म्हातारा जवळ बसून पाहत होता. त्याला म्हटलं, "बाबा, तुमच्या मंडईच्या ढालीला मोरपिसं लावता ना, तशी याला लावून द्या." त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा बांबूकडं पाहिलं आणि मोठ्या भक्तीनं पिसं बांधली. बांबू उभा झाला. दोन कोसांवरून दिसेल असा. मी लांब जाऊन पाहिला. मला तरी तो अगदी विलायती वाटला.

ज्यांना आमच्याकडची मंडई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मोरपिसं बांधलेला उंच बांबू, म्हणजेच ढाल, वाजतगाजत येते, ती उभी झाली की भोवती दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच. पण या गावची मंडई कित्येक वर्षं बंद पडली होती. गुरं जमतात त्या आखराकडच्यांची ढाल आधी की नदीकडच्यांची, यावरून डोकी फुटली होती आणि तेव्हापासून दोन्ही ढाली घरात आडव्या पडून होत्या. आता गावाबाहेर, कोणाच्याच नसलेल्या जागेवर, तांबडी-पांढरी ढाल उभी. म्हाताऱ्यानं निकाल दिला, "हे ना त्यायची, ना आपली. हे साहेबाची. अन् ढाल उभी झाली म्हन्जे मंडई भरलीच पायजे. नाईतर देव म्हनल, बलावलं अन् पानी नाई इचारलं." दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूतून डोकं बाहेर काढलं तर समोर जिलेबीची कढई चढलेली, पलीकडं पाळणा ठोकणं चालू, आणि बायामाणसं माझ्या वायरलेसच्या खांबाला नारळ फोडताहेत. एक नारळ साहेबाच्या हातात दिला. त्यानं तो उकडलेल्या अंड्यासारखा दगडावर हलकेच टकटक केला. लोक खूश.

त्याच दिवशी दुपारी दिल्लीचा अधिकारी जीपमधून उतरला.

मी पांढरा पडलो. पण माणूस लांबच्या प्रवासानं भुकेला होता. म्हाताऱ्यानं त्याला बाकावर बसवलं, तळ्यातले उकडलेले शिंगाडे दिले, जिलेबी दिली. दंडार सुरू झाली. अधिकारी मांडीवर ताल धरायला लागला. थोड्या वेळानं त्यानं मान वर करून बांबूकडं पाहिलं, पिसांकडं पाहिलं, परत शिंगाड्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "ठीक है. ऊँचा है." कागद मांडीवर घेतला. पेनचं टोपण काढलं. साहेबानं माझा खांदा दाबला. मला नागपूरचं क्वार्टर दिसलं, त्याची खिडकी दिसली, खिडकीवरचा पडदा वाऱ्यानं हलताना दिसला.

आणि त्या पडद्यातून साडू आले. हातात पत्र्याची ट्रंक, अंगावर धुतलेला सदरा. शहापूरहून निघालेले ते नेमके त्या क्षणाला पोचले. त्यांनी गर्दी पाहिली, बांबू पाहिला, माझं तोंड पाहिलं. ट्रंक खाली ठेवली, बांबूजवळ गेले आणि बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केलं. पोकळ आवाज आला. मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

"साहब," ते म्हणाले, "ये मास्ट नहीं है. ये बांबू है."

अधिकारी हसला. "मालूम है, भाई. बैठो, सिंघाड़ा खाओ."

"आपको मालूम है, मेरे को मालूम है," साडू म्हणाले, "लेकिन कागज को मालूम नहीं ना, साहब."

दंडारीचा ढोल वाजतच होता, पण मला वाटलं सगळी मंडई थांबली. अधिकाऱ्यानं पेनला टोपण लावलं. रागावला नाही; उरलेले शिंगाडे रुमालात बांधून घेतले आणि जाता जाता म्हणाला, नवा अर्ज करा. एवढ्यावरही साडूंचं समाधान झालं नाही. ते पाळणेवाल्याकडं वळले आणि भोंग्याचं लायसन आहे का म्हणून विचारायला लागले. मी तिथून उठलो आणि नदीवर जाऊन बसलो.

नवा अर्ज करायला कोणी राहिलं नाही. कंपनीनं तंबू गुंडाळले. संच मुंबईहून आले तसे परत गेले म्हणे. गोदामाच्या पलीकडचा भारत त्यांनी पाहिला नाही. ओल्सेन साहेबानं जाताना साडूंना आपलं मासे धरायचं जुनं लायसन भेट दिलं आणि मला हात मिळवून "सॉरी" दिलं. मी साकोलीला एका राइस मिलमध्ये पोती मोजायला लागलो. पुढं जिथं जिथं लग्नात, बारशात चार माणसं भेटली, तिथं तिथं मी ही गोष्ट रंगवून सांगितली: माझ्या साडूंनी माझी नोकरी कशी खाल्ली. लोक पोट धरून हसत. साडू तिथंच कुठंतरी पंगतीत बसलेले असत. कधी एक शब्द बोलले नाहीत. मी त्याला लाज समजत असे.

काही वर्षांनी सरकारनं रेडिओचं लायसनच बंद करून टाकलं. मी सहज शहापूरला गेलो होतो. साडू म्हणाले, पोस्टात चाल. लाल कापडातलं पुस्तक काढून त्यांनी खिडकीत सरकवलं. आतला बाबू म्हणाला, "काका, आता लायसन लागत नाही. घरी जा, आनंदानं रेडिओ ऐका." साडू खिडकी धरून उभेच. मागची रांग कुरकुरायला लागली. मग हळूच म्हणाले, "लागत नाई, तसं यावर लिवून द्या जी. शिक्का मारून." बाबूला काय वाटलं कोण जाणे, त्यानं शेवटच्या कोऱ्या पानावर 'आवश्यकता नाही' असं लिहिलं आणि शिक्का मारला. साडूंनी शाईवर फुंकर घातली आणि पुस्तक पुन्हा लाल कापडात बांधलं. पोस्टाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा हात धरला. मला पहिल्यांदाच तो हात हलका वाटला.

हायवेवरच्या टपरीत चहा घेतला. ट्रक धूळ उडवत जात होते. त्यांचा तो पडलेला चेहरा पाहवेना, म्हणून मी गंमत म्हणून म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशी तेवढं बोलला नसतात तर आज मी नागपुरात असतो."

"नागपुरातच असता," ते म्हणाले, "जेलात. लायसन कोनाच्या नावावर निंघत होतं गा? साहेबाच्या? उद्या कोनी आलं असतं अन् इचारलं असतं का मास्ट कुठी हाय, तर साहेब गेला असता इमानात बसून. बांबूले कोनी बेड्या घालत नाई."

इतकी लग्नं, इतकी बारशी माझ्या डोळ्यांसमोरून गेली. म्हटलं, "मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत मला?"

साडूंनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि लाल कापडातलं पुस्तक काखेत मारलं.

"सांगाचं कोनाले?" ते म्हणाले. "त्या दिशी तिथं दोन बांबू उभे होते, साडभाऊ. एकाले रंग देल्ला होता, अन् एकाले पँट घातली होती."